कागद आणि अस्तर

वयाची सत्तरी जवळ आल्यावर एखादी नवी विद्या शिकू लागणे, यात धाडसापेक्षा संकोचच अधिक असतो. बोटे पूर्वीसारखी वळत नाहीत, सुईच्या नेढ्यात दोरा पहिल्या खेपेस जात नाही, आणि शिकवणारी व्यक्ती आपल्या मुलीहून लहान असते. बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात आमच्या शेजारी राहणारी एक तरुण कन्नड गृहिणी कापडाच्या लहान लहान तुकड्यांतून रजया शिवते. एके दिवशी तिच्या घरी मी एक तारा पाहिला. सोळा अणकुचीदार टोकांचा, निळ्या-पांढऱ्या सुती कापडाचा. आणि त्याचे प्रत्येक टोक जिथे संपायला हवे नेमके तिथेच संपलेले. जन्मभर गोधड्या पांघरून झोपलेल्या माझ्यासारखीला ही अचूकता चमत्कारासारखी वाटली. "हे हाताने कसे साधते?" असे मी विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "हाताने नाही साधत आंटी, कागदाने साधते."

या पद्धतीला इंग्रजीत 'फाउंडेशन पेपर पीसिंग' म्हणतात. मराठीत आपण 'कागदाच्या पायावर तुकडे जोडणे' असे म्हणू. नक्षीची आकृती एका पातळ कागदावर रेखलेली असते. तिच्या प्रत्येक खणात एक आकडा असतो, आणि त्या आकड्यांच्या क्रमानेच तुकडे जोडावयाचे असतात. कापड ठेवायचे ते कागदाच्या कोऱ्या बाजूला, आणि टीप मारायची ती रेघांच्या बाजूने. पहिला तुकडा सुलटा ठेवायचा, दुसरा त्यावर उलटा पालथा घालायचा. मग कागद फिरवून दोहोंमधल्या रेघेवरून मशीन चालवायचे. नंतर जादा कापड कापून दुसरा तुकडा उलगडायचा, नखाने किंवा इस्त्रीने दाबून बसवायचा आणि तिसऱ्याकडे वळायचे. शिवणारीच्या डोळ्यांसमोर असतात केवळ रेघा. चित्र घडत असते ते पलीकडच्या, न दिसणाऱ्या बाजूस. शिवाय ते उलटे घडते. कागदावर जे डावीकडे, ते कापडावर उजवीकडे. आरशात पाहून केस विंचरावे तसा हा व्यवहार आहे, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत मी कितीतरी तुकडे वाया घालवले.

माझी नेहमीची चूक एकच होती. तुकडा उलगडला की तो आपला खण पुरता झाकत नसे. एका कोपऱ्यात कागद उघडा राही. तिरप्या रेघेवर कापड किती पुरेल याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. शिंपी लोक शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला 'माया' म्हणतात. पाव इंच माया ठेवावी, असे या कलेतही सांगतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. परंतु ज्याने वस्तू टिकते पण जे वरून कधीच दिसत नाही, अशा कापडाला आपल्या भाषेने हे नाव द्यावे, यातले औचित्य माझ्या ध्यानात या वयात आले. माया कमी पडली की शिवण उसवते. माया फार झाली तर कापड गोळा होते आणि टोक बोथट येते. हे मी कापडाविषयीच सांगत आहे. वाचकाने त्याचा हवा तितकाच विस्तार करावा.

या विद्येतला सर्वांत अवघड भाग अखेरीस येतो. सर्व तुकडे जोडून झाले, चौकोनाच्या कडा सारख्या कापल्या, शेजारच्या चौकोनांशी त्यांची सांधणी झाली, की मागचा कागद फाडून काढायचा असतो. तो ज्या क्षणी अनावश्यक ठरतो त्याच क्षणी अडथळाही होतो. आत राहिला तर रजई कडक राहते, अंगाला लपेटत नाही. माझा पहिला चौकोन पुरा झाला तसा मी उतावळेपणाने कागदाला हात घातला, तेव्हा माझी शिक्षिका म्हणाली, "ईगले हरिबेडि, आंटी." इतक्यात फाडू नका. आधी शेजारचा चौकोन जोडला जाऊ द्या, तोवर कडांना आधार लागतो. मग तिने फाडण्याची रीत दाखवली. टाक्यांवर अंगठ्याचे नख दाबून धरायचे आणि कागद तिरपा, हलकेच ओढायचा. हिसका द्यायचा नाही. हिसका दिला की कागदाबरोबर टाकाही निघतो.

पण कागद सुखाने निघावा याची तयारी शेवटी होत नसते, ती पहिल्या टिपेपासूनच करावी लागते. नेहमीच्या शिवणीत मशीनचा टाका सुमारे अडीच मिलिमीटरचा असतो. येथे तो दीड मिलिमीटरवर आणतात. त्या आखूड टाक्यांनी कागदात जवळजवळ छिद्रे पडतात, पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला असतात तशी, आणि पुढे त्याच रेघेवर तो अलगद फाटतो. टाके फार जवळ आले तर कागद अर्ध्या वाटेतच सुटतो. आणि फार लांब पडले तर तो सुटता सुटत नाही. म्हणजे जी सुई कापडाला कागदाशी बांधते, तीच त्यांच्या सुटण्याचीही सोय करीत असते. शिस्त, संस्कार, गुरूचा शब्द, शास्त्राचा नियम यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बांधून ठेवण्याचे सामर्थ्य हीच त्यांची कसोटी, असे बहुधा मानले जाते. कागदावर शिवताना मला वाटू लागले की दुसरी कसोटीही तितकीच महत्त्वाची आहे: वेळ आल्यावर तो नियम आतल्या माणसाला इजा न करता निघू शकतो काय?

हा विचार नवा नाही. मज्झिमनिकायातल्या अलगद्दूपमसुत्तात बुद्धाने तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. एक मनुष्य गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा करतो आणि त्याच्या आधाराने नदी पार करतो. पैलतीरी पोचल्यावर त्याच्या मनात येते की या तराफ्याचे आपल्यावर मोठे उपकार आहेत, तेव्हा तो डोक्यावर घेऊन पुढे जावे. बुद्ध म्हणतो, हे योग्य नव्हे. तराफा काठावर ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा, आणि आपल्या वाटेने जावे. धम्मही असाच, पार होण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही. अडीच हजार वर्षांनंतर लुडविग विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या अखेरीस शिडीची उपमा योजली: वर चढून गेल्यावर शिडी टाकून द्यावी. दोन्ही दृष्टान्तांत चढणाऱ्याचा, पार होणाऱ्याचा विचार आहे. तराफ्याचे आणि शिडीचे पुढे काय झाले, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. आणि उद्भवण्याचे कारणही नाही, कारण काटक्यांना आणि लाकडाला दुःख नसते.

मला मात्र तो प्रश्न छळू लागला, आणि त्याचे कारण तत्त्वज्ञानातले नव्हते. पहिला तारा पुरा झाला त्या संध्याकाळी टेबलाखाली कागदाच्या कपट्यांचा ढीग पडला होता. त्यांवर माझ्याच हाताने घातलेले आकडे होते, आणि रेघेरेघेवर सुईची छिद्रे. ते केरात टाकताना मला एकदम माझ्या आईची पत्रे आठवली.

माझे माहेर निपाणीचे. बेळगाव जिल्ह्यातल्या त्या गावात मराठी आणि कानडी या दोन भाषा एकाच घरात, कधी कधी एकाच वाक्यात नांदतात. आई चौथी इयत्तेपर्यंत शिकलेली. शाळेत जाण्यापूर्वी अक्षरओळख मला तिनेच करून दिली. ती पाटीवर 'ग', 'म', 'भ' काढी आणि मी त्यावरून पेन्सिल फिरवी. 'कित्ता गिरवणे' हा शब्दप्रयोग आपण आता अनुकरण या अर्थाने, बरेचदा उपहासाने वापरतो. परंतु ज्याने तो खरोखर गिरवला आहे त्याला ठाऊक असते की दुसऱ्याच्या रेघेवरून चालल्याखेरीज स्वतःचे वळण हाती येत नाही. आईचे अक्षर हा माझा पहिला कागद होता.

१९७३ साली मी पुण्यात मराठी हा विषय घेऊन शिकत होते. आई पंधरा दिवसांनी एक आंतरदेशीय पत्र पाठवी. ऱ्हस्वदीर्घाशी तिचे कधी जमले नाही. अनुस्वार कुठेही पडत. मधूनच एखादा कानडी शब्द येई. त्या वर्षी शुद्धलेखनाचे नियम मी नव्यानेच अभ्यासले होते, आणि नव्या विद्येचा माज नवाच असतो. एकदा तिचे पत्र मी तांबड्या शाईने तपासले, चुकांवर खुणा केल्या आणि गंमत म्हणून तिलाच परत पाठवले. पुढचे पत्र धाकट्या भावाच्या अक्षरात आले. मजकूर आईचाच होता, लेखन अगदी शुद्ध होते. त्यानंतर आईने मला स्वहस्ते एकही ओळ लिहिली नाही. मी कधी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. १९९१ साली ती गेली. तोवर जमलेली तिची जुनी पत्रे पुण्यातल्या एका घरबदलीत रद्दीबरोबर गेली होती.

इंग्लंडात तुकड्यांच्या कामाची एक जुनी पद्धत आहे. तीत कागदाचे आकार कापून त्यांवर कापड दुमडून टाचतात, मग ते आकार हाताने एकमेकांना शिवतात आणि शेवटी कागद काढून घेतात. कागद तेव्हा महाग असे, म्हणून हे आकार जुनी पत्रे, दुकानाची बिले, मुलांच्या कित्त्याच्या वह्या यांतून कापले जात. काही पांघरुणांतले कागद काढायचे राहून गेले. तेथील क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ हे साल शिवलेले एक रेशमी पांघरूण आहे; त्यातले कागद आजही आतच आहेत. असे कागद अभ्यासकांना मौल्यवान वाटतात. ते कोणाच्या हातचे, कोणत्या घरातले, याची साक्ष त्यांतून मिळते. हे प्रथम वाचले तेव्हा मला त्या अज्ञात स्त्रियांचा हेवा वाटला. त्यांनी निदान पत्रे पांघरुणात शिवून ठेवली.

आईची म्हणून माझ्यापाशी एकच वस्तू उरली आहे, तिने शिवलेली गोधडी. गोधडीची रचना या नव्या विद्येच्या अगदी उलट असते. खाली एक जुने लुगडे किंवा धोतर पसरतात, ते अस्तर. त्यावर जुन्या कपड्यांचे थर, वर मिळतील ते तुकडे, आणि मग कडेपासून मध्याकडे येणारा धावदोरा. रेखाटलेली आकृती नसते, आकडे नसतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियाही अशीच रजई एका कोपऱ्यातून सुरू करून मध्याकडे शिवत नेतात, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुले लावतात. त्यांवाचून रजई पुरी झाली असे त्यांना वाटत नाही. या सगळ्यांत पाया कापडाचाच असतो, आणि तो काढून टाकायचा नसतो. अस्तर गेले तर गोधडीच राहणार नाही. माझ्या गोधडीचे अस्तर आईच्या एका इरकली लुगड्याचे आहे. वरचे तुकडे आता झिजले आहेत आणि काही ठिकाणी आतली वस्त्रेही विरली आहेत; तेथून त्या लुगड्याचा गर्द रंग दिसतो.

तेव्हा आधार दोन प्रकारचे असतात. एक कागदाचा, जो काढण्यासाठीच घातलेला असतो. दुसरा अस्तराचा, जो काढता येत नाही. मला वाटते, आपल्या पुष्कळशा नैतिक चुका आधार नाकारल्याने होत नाहीत. कागद कोणता आणि अस्तर कोणते हे न ओळखल्याने होतात. आईचे शुद्धलेखन मी ओलांडणे यात काही गैर नव्हते. तिचे सोवळेओवळे मी सोडले, तिच्या उपासांचे दिवस मी विसरले. तेही योग्यच झाले असे मी आजही म्हणेन. ते सारे कागदच होते, आणि ते डोक्यावर घेऊन हिंडणे ही कृतज्ञतेची चुकीची रीत ठरली असती. बुद्धाच्या दृष्टान्तातला मनुष्य कृतज्ञ आहे, हे विसरू नये. त्याची चूक कृतज्ञतेत नाही, रीतीत आहे. परंतु मी कागद काढताना हिसका दिला, आणि कागदाबरोबर टाका निघाला. जिने शिकवले तिला, आणि तिने शिकवलेल्या गोष्टीला, मी एकच समजले. शिकवण मागे टाकता येते. शिकवणारी व्यक्ती मागे टाकण्याची वस्तू नव्हे.

येथवर आल्यावर एक उलटा प्रश्न समोर येतो. मग शिकवणाऱ्याने काय समजावे? त्याने स्वतःला अस्तर समजून 'मला काढता येणार नाही' असे म्हणावे काय? तसे समजणारे आईबाप, गुरुजन आणि पुढारी आपण पाहतो. त्यांच्या आधाराखाली वाढलेली माणसे आतल्या कागदामुळे कडक राहिलेल्या रजईसारखी असतात. आधार देणाऱ्याने स्वतःला कागद समजावे हेच बरे, असे मला वाटते. टाका आखूड घालावा आणि आपल्या सुटण्याची सोय आपणच करून ठेवावी. याउलट, ज्याला आधार मिळाला त्याने देणाऱ्याला अस्तर मानावे. एकाच नात्याकडे दोन बाजूंनी पाहताना दोन वेगळे न्याय लावावे लागतात, आणि यात विसंगती नाही. कागदाच्या एका बाजूला जे डावे, ते दुसऱ्या बाजूला उजवे असते.

विदर्भात गाडगेबाबांना लोक एके काळी गोधडे महाराज म्हणत, कारण चिंध्यांची गोधडी हेच त्यांचे वस्त्र असे. १९५६ साली ते गेले. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन करायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. पाया पडू पाहणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत. त्यांनी स्वतःला कागद मानले. महाराष्ट्राने त्यांच्या नावाने विद्यापीठ आणि ग्रामस्वच्छतेचे अभियान काढले, म्हणजे त्यांना अस्तर मानण्याचा निदान प्रयत्न केला. दोघांनीही आपापल्या बाजूने योग्य तेच केले.

परंतु या विचारात एक धोका आहे, आणि तो मला याच शहराने दाखवला. बेंगळुरूत तयार कपड्यांचे मोठमोठे कारखाने आहेत आणि तेथे शिवणाऱ्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तेथेही कापडाच्या थरांवर कागद पसरतात, त्यावरच्या रेघांवरून कापड कापतात आणि कागद फेकून देतात. १८ आणि १९ एप्रिल २०१६ या दोन दिवशी त्यांतल्या हजारो स्त्रिया होसूर रस्त्यावर आणि शहराच्या इतर भागांत उतरल्या. भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम त्या वर्षी केंद्र सरकारने केला होता. नोकरी सुटली, घरात लग्न निघाले, आजारपण आले, तर स्वतःच्या नावावरचा पैसा हाती नाही, हे त्यांना मान्य नव्हते. १९ एप्रिललाच सरकारने तो नियम मागे घेतला. आम्हांला कापून, वापरून फेकायचा कागद समजू नका, असेच त्या जणू सांगत होत्या, असे मला आज वाटते.

तेव्हा 'मी कागद आहे' हे वाक्य केवळ प्रथमपुरुषी एकवचनातच नीतीचे असते. 'तू कागद हो' असे म्हटले की त्याचे शोषण होते. आपल्या समाजाने स्त्रियांना हे वाक्य शतकानुशतके द्वितीयपुरुषात ऐकवले आहे, आणि त्याला त्याग असे नाव दिले आहे. आईने लिहिणे थांबवले तो तिचा त्याग होता की मी केलेला अन्याय, हे ठरवणे माझ्या हाती नाही. परंतु माझ्या बाजूने त्याला त्याग म्हणणे ही सोयीची लबाडी होईल, एवढे मला कळते.

या उन्हाळ्यात माझी नऊ वर्षांची नात सुटीसाठी आली होती. तिने तारा पाहिला आणि शिकव म्हणून हट्ट धरला. मी चिकपेटेतून चार रंगांचे सुती कापड आणले, सोपी आकृती रेखली, आकडे घातले आणि मशीनचा टाका दीडवर आणला. पहिल्या तीन खेपांना तिचाही तुकडा अपुरा पडला. चौथ्या खेपेस जमले. कागद काढायची वेळ आली तेव्हा मी तिला टाक्यांवर नख दाबून धरायला सांगितले. तिने तो तिरपा, हळू ओढला. एकही टाका सुटला नाही. मग उरलेले कपटे जमिनीवर तसेच टाकून ती चौकोन घेऊन आईला दाखवायला धावली. "हा मी केला," असे तिचे शब्द दुसऱ्या खोलीतून ऐकू आले. त्यात माझे नाव नव्हते.

मी कपटे गोळा केले. या खेपेस ते केरात टाकताना मला काही वाटले नाही. नंतर आईची गोधडी मांडीवर घेतली. एका कोपऱ्यात धावदोरा सुटून अस्तर लोंबू लागले होते. तेथे पाव इंचाहून थोडी अधिक माया धरली आणि शिवायला घेतले.